म्योडलारॉइट या जर्मन खेड्याला ‘छोटे बर्लिन’ का म्हणत असत?

जेमतेम पन्नास वस्तीच्या म्योडलारॉइटला ‘छोटे बर्लिन’ म्हणत, कारण बर्लिनप्रमाणेच या गावाच्या मधोमध पूर्व जर्मनीने १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभारली होती. सीमा गावातल्या टानबाख या लहानशा ओढ्यावरून जात होती. परंतु पलीकडच्या शेजाऱ्याला भेटणे तर दूरच, पूर्वेकडच्या गावकऱ्यांना त्याला नुसता हात करण्याचीही बंदी होती. मात्र गावाची विभागणी शीतयुद्धानेच केली असे समजणे चूक ठरेल, कारण १८१० मध्येच ओढ्याकाठी सीमादगड रोवून बव्हेरियाचे राज्य आणि रॉइस संस्थान यांची हद्द आखली गेली होती. त्यानंतरही दोन्हीकडच्या लोकांची शाळा आणि गुत्ता एकच राहिला, आणि माझ्या मते याच गोष्टीमुळे नंतरची भिंत अधिक क्रूर ठरते. ९ डिसेंबर १९८९ रोजी पायी जाण्यापुरती वाट खुली झाली आणि १७ जून १९९० रोजी भिंतीचा बराचसा भाग पाडला गेला. उरलेला भाग तिथल्या संग्रहालयाने जपला आहे. प्रशासकीयदृष्ट्या गाव आजही बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन राज्यांत विभागलेले असून दोन्ही बाजूंचे पिनकोड वेगवेगळे आहेत.