वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सिरॅमिकचे नॅनोकण टाकले की गोळे होतात, उपाय काय?
नुसतं ढवळून भागणार नाही. हा रस कणांना नीट भिजवत नाही, आणि कण जितका बारीक तितका शेजाऱ्याला चिकटतो. घाईत केलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. पूड आधी तापवून ओलावा घालवा, रसात १ टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम घाला, मग कण थोडे थोडे सोडा. खरं काम मात्र अल्ट्रासोनिक प्रोबचं, म्हणजे रसात बुडवून अतिवेगाने कंप पावणाऱ्या दांड्याचं. साधारण २० किलोहर्ट्झच्या कंपनांनी सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, त्या धक्क्याने गुठळ्या सुटतात. प्रोब नायोबियमचा घ्या. साधं पोलाद रसात झिजतं. कण सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकचे वापरणार असाल तर ए३५६सारखा भरपूर सिलिकॉनवाला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बरा, नाहीतर ॲल्युमिनियम कार्बाइड बनतं आणि ते ओलाव्याने बिघडतं. सुरुवात १ टक्का कणांपासून करा. आणि हो, पूड हाताळताना चांगला मास्क लावा.