पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्या चुलतभावाला घरच्या घरी काय करून दाखवावं?

प्रश्न असा आहे: चुलतभाऊ घरच्या ग्रुपवर रोज सपाट पृथ्वीचे व्हिडिओ टाकतो, नासाचे फोटो दाखवले की "एडिट केलेत" म्हणतो. त्याला स्वतः पडताळता येईल असं काय सांगावं?

फोटो पाठवणं आधी थांबवा. ते खोटे आहेत हेच त्याचं गृहीतक आहे, त्यामुळे तो वाद संपणार नाही. त्यापेक्षा मोजपट्टी हातात द्या. पण मोजमाप असं निवडा, की पृथ्वी गोल असेल तर एक आकडा येईल आणि सपाट असेल तर दुसराच. मोजण्याआधी दोघांनी आपापला अपेक्षित आकडा ग्रुपवर लिहायचा. ही अट सगळ्यात महत्त्वाची. ती पाळली नाही तर कुठल्याही निकालाला नंतर काहीतरी कारण चिकटवता येतं.

बहुतेक जण समुद्रातल्या जहाजापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. पाच-सात किलोमीटरवरची छोटी होडी दिसेनाशी होते ती डोळ्याला इतकं बारीक दिसत नाही म्हणून. दुर्बीण लावली की ती परत दिसते, आणि भाऊ जिंकतो. त्याऐवजी जहाजांची जागा दाखवणाऱ्या ॲपवर 20 किलोमीटरवरचं मोठं मालवाहू जहाज शोधा. किनाऱ्यावर डोळा पाण्यापासून 2 मीटर उंच असेल, तर त्याचा खालचा सुमारे 14 मीटर भाग दडलेला असतो. कितीही झूम केलं तरी तो वर येत नाही.

इथे भाऊ "मैलांचा वर्ग गुणिले 8 इंच" हे सूत्र काढेल. त्याने 31 मीटर येतात, आणि "एवढं कुठे बुडालंय?" असं तो विचारेल. त्या सूत्रात तुमच्या डोळ्याची उंची धरलेली नाही आणि हवेमुळे प्रकाश किंचित खाली वाकतो तेही नाही. दोन्ही धरल्यावर 14 येतात. पाण्यालगतची हवा तर फारच दगा देते. 1838 मध्ये सपाट पृथ्वी मानणाऱ्या रोबॉथमने इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या कालव्यात पाण्याला जवळजवळ डोळा टेकवून सहा मैल जाणारी होडी पाहिली आणि पृथ्वी सपाट ठरवली. 1870 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने त्याच कालव्यावर नजरेची रेषा पाण्यापासून 4 मीटर वर ठेवली, तेव्हा तेवढ्याच उंचीवर लावलेली मधली खूण दूरच्या खुणेपेक्षा स्पष्ट उंच दिसली, म्हणजे पाणी वक्र होतं. त्यावर 500 पौंडांची पैज होती. पंचाने वॉलेसच्या बाजूने निकाल दिला, तरी पैज हरलेला सपाट पृथ्वीवाला हॅम्पडेन पुढे कित्येक वर्षं त्याची बदनामी करत राहिला. म्हणून पैसे लावू नका.

दुसरी मोजणी सावलीची. पणजी, पुणे आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, हे आपल्याला फार सोयीचं आहे. 21 मार्चच्या सुमारास तिन्ही ठिकाणी सूर्य दुपारी 12 वाजून 42 मिनिटांच्या आसपास माथ्यावरची रेषा ओलांडतो; 12 वाजता मोजलं तर उत्तर चुकणार. 1 मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा, जमीन स्पिरिट लेव्हलने तपासा. सावलीची कड साधारण सेंटीमीटरभर धूसर असते, म्हणून टोकाला 4 मि.मी. भोक पाडलेला पुठ्ठा आडवा लावा. भोकाची उंची 1 मीटर ठेवा आणि ओळंब्यापासून उजेडाच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजा. पणजीला साधारण 27.7 सेंटीमीटर, पुण्याला 33.5 आणि नाशिकला 36.4 यायला हवेत. काठी आणि सूर्यकिरण यांच्यातल्या पणजी आणि नाशिकच्या कोनांत 4.5 अंशांचा फरक पडतो, आणि दक्षिणोत्तर सरळ अंतर सुमारे 500 किलोमीटर आहे. 360 ला 4.5 ने भागून 500 ने गुणलं की 40,000 किलोमीटर परीघ येतो. रस्त्याचं अंतर घेऊ नका, ते बरंच जास्त भरतं.

पण थांबा, एवढ्याने पृथ्वी गोल ठरत नाही. सूर्य फार लांब आहे आणि किरण समांतर येतात हे आपण यात गृहीत धरलंय. भाऊ म्हणेल, सूर्य जवळ आहे, सपाट जमिनीवरही सावल्या बदलतील. त्याचं म्हणणं रास्त आहे, म्हणून तेही तपासायचं. त्याच्या हिशेबाने दोन गावांमधलं अंतर सावल्यांतल्या फरकाने (मीटरमध्ये) भागलं की सूर्याची उंची मिळते; पणजी-नाशिकच्या सावल्यांवरून ती 5,750 किलोमीटर येते. आता श्रीनगरला कोणी ओळखीचं असेल तर तिथल्या दुपारी, म्हणजे तिथला सूर्य सर्वांत वर असताना, मोजून घ्या: सावली साधारण 67.7 सेंटीमीटर. नाशिक-श्रीनगर धरून तीच उंची 5,000 च्या आसपास येते. एकाच दिवशी एकाच सूर्याच्या दोन उंच्या! मोजमापात दोन-तीन मिलिमीटर चुकले तरी एवढा फरक पडत नाही.

श्रीनगर जमत नसेल तर आरसा घ्या. मला सगळ्यांत खात्रीचा वाटतो तो हाच. आरशावर 5 मि.मी. भोक पाडलेला काळा कागद चिकटवा आणि उन्हाची तिरीप 10 मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. आरशात थेट बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. भिंतीवर सूर्याचं गोल बिंब पडेल, रुंदी सुमारे 98 मि.मी. हे दुपारी मोजा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी पुन्हा मोजा. भिंत तिरकी पडली तर बिंब लांबट होतं, म्हणून नेहमी त्याची अरुंद बाजू मोजा. दोन्ही वेळी आकडा तोच येतो. सपाट पृथ्वीवाल्यांच्या नकाशावर 5,000 किलोमीटर उंचीवरून फिरणारा सूर्य मार्चमधल्या संध्याकाळी आपल्यापासून दुपटीहून लांब गेलेला असतो, म्हणजे बिंब निम्म्याहून लहान हवं. शिवाय त्या हिशेबात मावळतीच्या वेळीही तो क्षितिजापासून 20 अंश वरच असायला हवा.

"गोल पृथ्वी ही पाश्चात्यांची थाप" असं म्हणाला, तर बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांचा गोलाध्याय दाखवा. परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो आणि माणूस पृथ्वीपुढे फारच लहान, म्हणून त्याला ती सपाट दिसते, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. दोन नगरांमधलं दक्षिणोत्तर अंतर आणि अक्षांशांतला फरक घेऊन त्रैराशिकाने परीघ काढायची रीतही तिथेच आहे. वर पणजी-नाशिकसाठी केलं ते तेच गणित.