निळं-पांढरं पोर्सिलेन मूळ कुणाचं? चीनचं, इराणचं की हॉलंडचं?

तुम्ही विचारलंय की चीन, तुर्कस्तान, हॉलंड सगळीकडचं निळं-पांढरं सारखंच दिसतं, मग मूळ कुणाचं, नक्कल कुणाची आणि साध्या माणसाला फरक कसा कळायचा.

पोर्सिलेन, म्हणजे खास पांढऱ्या मातीचं, खूप तापवून भाजलेलं भांडं, चीनचंच, त्यात वादच नाही. पण पांढऱ्यावर निळी नक्षी याचं श्रेय एकट्या चीनला द्यायला मी तयार नाही. 9व्या शतकात चीनची पांढरी भांडी समुद्रामार्गे इराककडे जायची आणि बसऱ्याच्या कुंभारांना तसलं काहीतरी करायचं होतं, पण ती माती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी साध्या मातीच्या भांड्यावर कथील घातलेलं दुधाळ ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवलं आणि वर कोबाल्टने, म्हणजे निळा रंग देणाऱ्या खनिजाने, नक्षी काढली. इंडोनेशियात बेलिटुंग बेटाजवळ 1998 मध्ये एक बुडालेलं जहाज सापडलं, साधारण 830 च्या आसपासचं, त्यात हजारो चिनी भांडी होती आणि त्यातल्या तीन ताटल्यांवर निळी नक्षी होती, म्हणजे ही देवाणघेवाण तेव्हाच दोन्ही बाजूंनी सुरू झालेली.

खरा बहर आला तो 14व्या शतकात, मंगोल राजवटीत. माती आणि भट्ट्या चीनमधल्या जिंगदेझेनच्या, कोबाल्ट इराणकडून आलेलं आणि मोठमोठी ताटं मागवणारे बरेचसे पश्चिम आशियातले. ब्रिटिश म्युझियममध्ये उंच फुलदाण्यांची एक जोडी आहे, तिचे धरायचे कान हत्तीच्या डोक्याच्या आकाराचे आहेत, तिच्या मानेवर लेख आहे की झांग वेनजिन नावाच्या माणसाने ही जोडी एका धूपदानासोबत देवळाला वाहिली, घरच्यांना सुख-शांती मिळावी म्हणून, आणि सालही दिलंय, 1351. निळ्या-पांढऱ्याचा काळ ठरवताना अभ्यासक आजही या जोडीचा आधार घेतात.

आता निळाच का? पोर्सिलेनची भट्टी 1300 डिग्रीच्या आसपास जाते, तिथं बहुतेक रंग टिकतच नाहीत, तांब्याचा लाल निघतो पण फार लहरी, कधी राखाडी होतो कधी उडूनच जातो. कोबाल्ट मात्र टिकतं. आणि चित्र काढायचं कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर, जे पाणी टिपकागदासारखं ओढून घेतं, ब्रश क्षणभर थांबला की तिथं डाग, खोडायची सोयच नाही. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे 15व्या शतकाच्या सुरुवातीच्या, चीनच्या मिंग राजवटीतल्या भांड्यांवरचे ते काळपट ठिपके. बाहेरून आलेल्या कोबाल्टमध्ये लोखंड जास्त, त्यामुळे रंग जिथं दाट बसला तिथं तो ग्लेझमधून काळा होऊन वर आला. पुढे 18व्या शतकात लोकांना तेच इतकं आवडायला लागलं की कारागीर ब्रशच्या टोकाने मुद्दाम ठिपके द्यायचे, पण ते शिस्तीत बसवलेले दिसतात, जुने ठिपके कसेही पडलेत. दोन्हींचे मोठे फोटो शेजारी ठेवून बघाच एकदा.

बाकीच्यांना मी नक्कल म्हणणार नाही. तुर्कस्तानात इझ्निकच्या कारागिरांनी क्वार्ट्झची भुकटी, काच आणि थोडी पांढरी माती मिसळून वेगळंच भांडं केलं आणि 16व्या शतकाच्या मध्यात त्यावर टोमॅटोसारखा उठावदार लाल आणला, तो चीनकडे नव्हता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या कुंभारांना 17व्या शतकात मोठी संधी मिळाली कारण 1644 मध्ये मिंग राजवट कोसळली आणि चीनचा माल युरोपात पोचेनासा झाला, त्याच पोकळीत जपानमधलं अरिता गावही पुढे आलं, तिथल्या पोर्सिलेनची सुरुवात कोरियातून नेलेल्या कुंभारांनी केली. युरोपला खरं पोर्सिलेन जमलं ते बॉटगर नावाच्या जर्मन किमयागाराच्या प्रयोगांनंतर, जर्मनीतल्या सॅक्सनीमधला मायसेनचा कारखाना 1710 चा. सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस पोर्सिलेनपायी इतका वेडा की 1717 मध्ये त्याने आपले 600 घोडेस्वार प्रशियाला देऊन 151 चिनी नग घेतले, माणसं देऊन भांडी! आजही वाचताना कसंतरी होतं.

ओळखायचं म्हणाल तर नक्षी बघून फसाल, ड्रॅगन आणि कमळं सगळ्यांनीच काढलीत. वस्तू उलटी करा आणि बुडाच्या कड्यावर जिथं ग्लेझ नसतं ती जागा बघा, नाहीतर एखादा टवका उडालेला असेल तो बघा. पोर्सिलेन आतूनही पांढरं आणि घट्ट असतं, पातळ असेल तर दिव्यासमोर धरल्यावर बोटांची सावली दिसते. डेल्फ्टचा टवका उडाला की आत पिवळसर, भुसभुशीत माती आणि वर पांढरा थर वेगळा कळतो. इझ्निक आतून पांढरट असतं पण रवाळ, आणि त्यातून उजेड येत नाही. वस्तू किती जुनी ते मात्र एवढ्यावरून ठरवू नका, खालचे राजांचे शिक्के तर अजिबात धरू नका, मागच्या राजाचा शिक्का पुढच्या काळात आदराने मारायची चीनमध्ये पद्धतच होती. तुमच्याकडे एखादी वस्तू असेल तर बुडाचा आणि कडेचा, दिवसाच्या उजेडातला फोटो टाका, नक्षीचा नसला तरी चालेल.