करंगळीशेजारचं बोट

प्रश्न : ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. पियानोची सातवी ग्रेड झाली, तिला मैफली करायच्या आहेत. दोन महिने तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं दुखतात. क्लासमध्ये सांगतात, 'रियाज वाढव, मोकळी होतील.' घरचे म्हणतात, शेवटी शिकवण्याच कराव्या लागणार, मग एवढा जीव कशाला काढायचा? काय करावं?
– एक आई, सातारा

उत्तर : आधी बोटांचं. आजचा रियाज बंद, आणि या आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवा. 'वाजवून मोकळं कर' हे मलाही विसाव्या वर्षी एका शिक्षकांनी सांगितलं होतं. मी ऐकलं. पुढे पाच महिने आमटीची वाटी उचलताना मनगटातून कळ यायची.

आता घरच्यांचं म्हणणं. त्यांना अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची गोष्ट सांगा. जन्म १९२८, सॅन फ्रान्सिस्को. नामवंत पियानोवादक आर्तुर श्नाबेल लहान मुलांना शिकवत नसत, पण नऊ वर्षांच्या या मुलाला त्यांनी घेतलं. श्नाबेलांकडे एकाची शिकवणी चालू असताना बाकीचे शिष्य तिथेच बसून ऐकायचे. आपल्याकडे गुरूंसमोर बसतात तसंच. १९५२ मध्ये फ्लायशर ब्रसेल्सची राणी एलिझाबेथ स्पर्धा जिंकले, तिथे पहिला आलेला पहिला अमेरिकी वादक. पुढे वाद्यवृंद-संचालक जॉर्ज सेल यांच्यासोबत बेथोव्हनचे पाचही पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, ध्वनिमुद्रित केले.

१९६०च्या दशकात, ऐन भरात असताना, उजव्या हाताची नेमकी हीच दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, आपोआप तळव्याकडे वळायला लागली. त्यांनी काय केलं? रियाज वाढवला! बोटं आणखी आवळली. आजाराचं नाव फोकल डिस्टोनिया. त्यात मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूमच बिघडतो. तुमच्या मुलीला तेच झालंय असं मी अजिबात म्हणत नाही, त्यात बऱ्याचदा दुखतही नाही. पण हाताची तक्रार रियाजाखाली दाबायची नसते, एवढं यातून घ्या.

तीसेक वर्षं ते डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पॉल विट्गेनश्टाइनसाठी संगीतकार राव्हेलने लिहिलेला कॉन्चेर्तो त्यांतलाच. १९९०च्या दशकात बोटॉक्सच्या, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनांनी बोटं थोडी सुटली, आणि २००४ मध्ये दोन्ही हातांनी वाजवलेली त्यांची नवी सीडी आली.

शिकवणं मात्र हात गेला म्हणून सुरू झालं नव्हतं. बाल्टिमोरच्या पीबॉडी या संगीत महाविद्यालयात ते १९५९ पासूनच शिकवत होते, दोन्ही हात शाबूत असताना. हात गेल्यावर फरक एवढाच पडला, की शिष्याला बाजूला सारून 'हे बघ, असं' म्हणत वाजवून दाखवता येईना. स्वर कुठे टेकवायचा, कुठे सोडायचा, ते शब्दांत सांगावं लागलं. आपण त्यामुळे जास्त चांगले शिक्षक झालो, असं ते स्वतः सांगत. मी रोज शिकवते, आणि हे मला शंभर टक्के पटतं. शिकवणं ही उरलेल्यांची सोय आहे, असं मुलीसमोर कुणालाही बोलू देऊ नका.

हात विश्रांतीला असेपर्यंत तिला शेजारचं एखादं लहान पोर शिकवायला द्या. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. एकच अट, पट्ट्यांना हात लावायचा नाही. सगळं बोलून आणि गाऊन सांगायचं. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा.