‘मीडिया सर्कस’ हा शब्द नक्की कधी वापरावा?

चार कॅमेरे जमले की लगेच ‘मीडिया सर्कस’ म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. प्रश्न तपासाबद्दल विचारतायत की रडणाऱ्या माणसाच्या खाजगी आयुष्याबद्दल, ते बघा. दुसरं असेल तर बिनधास्त वापरा.

मी गोव्यात, म्हापशात मराठी पेपरचा वार्ताहर होतो. २००८ च्या फेब्रुवारीत हणजूणच्या किनाऱ्यावर १५ वर्षांची ब्रिटिश मुलगी मेलेली सापडली (नाव मी लिहीत नाही, असल्या केसमध्ये लिहू नये). पोलीस म्हणाले बुडून मेली. आई गप्प बसली नाही, तिने लावून धरलं म्हणून दुसरं पोस्टमॉर्टेम झालं, अंगावर ५० च्या वर जखमा निघाल्या आणि तेव्हा कुठे खुनाचा गुन्हा नोंद झाला. मग मुंबई, दिल्ली, लंडनहून लोक उतरले, आणि आईला विचारतात काय तर पोरीला इथे ठेवून तुम्ही गोकर्णला गेलातच कशा! माझ्यासमोर एका बाहेरच्या चॅनेलवाल्याने शॅकमधल्या (किनाऱ्यावरचं झोपडीवजा हॉटेल) वेटरला वाळूत उभं केलं, म्हणे बोट दाखव, कुठे पडलेली ती. तो पोरगा त्या रात्री कामावरच नव्हता, सांगत होता बिचारा, तरी त्याचा हात धरून वर केला आणि शूट केलं. ही सर्कस.

माझा मेव्हणा मात्र चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना दरवर्षी तेच काढतो, तुम्ही प्रेसवाले सगळे सर्कसवाले, गोव्याचं नाव घालवलंत. त्याच्या कळंगुटला भाड्याच्या खोल्या आहेत. अरे पण नाव बातमीने गेलं की बुडून मेली म्हणून मोकळे झाले त्यांच्यामुळे? २०१६ ला बाल न्यायालयाने या केसमधल्या दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं, २०१९ ला हायकोर्टाने त्यातल्या एकाला दोषी धरून १० वर्षांची शिक्षा दिली. एवढी वर्षं तारखेला कोर्टाच्या आवारात उन्हात उभे कोण असायचे, आम्ही लोकल वार्ताहरच ना? आम्हाला त्या शब्दात गुंडाळायचं नाही.

हां, आमच्यातलेही काहीजण तेव्हा कॅमेरा घेऊन त्या आईच्या मागे धावले, ते नाकारत नाही. आणि बाहेरचे आले नसते तर पोलिसांवर तेवढा दबाव आला असता का, तेही आहेच.

तुम्ही बातमी लिहिणार असाल तर हा शब्द टाळा, लेखात चालेल, पण लगेच पुढच्या वाक्यात कोणी काय केलं ते लिहा.