जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना कागदी टेप लावावी की जाळीची?

तुम्ही लिहिलंय की खानापुरात वरच्या मजल्यावर जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आणि छत चाललंय. दुकानदार जाळीची चिकट टेप पुढं करतोय, तर मिस्त्री कागदीच आणा म्हणतोय. मिस्त्रीचं ऐका.

मी उलटं करून बसलोय. टिळकवाडीतल्या आमच्या खोलीचं काम ऐन जुलैत काढलं. जाळीची टेप बोर्डावर नुसती दाबली की चिकटते, म्हटलं काम लवकर होईल. वरून बादलीतलं तयार कंपाउंड, म्हणजे सांधे बुजवायचा लगदा, फिरवलं, रंग मारला. दिवाळीपर्यंत सगळं झकास. मार्चचं ऊन लागल्यावर छतावर केसाएवढ्या रेघा उमटल्या, अगदी सांध्यावरून, फूटपट्टीनं आखल्यासारख्या.

दोष एकट्या जाळीचा नव्हता. ती फायबरग्लासची असते, थोडी ताण खाते. म्हणून तिच्यावरचा पहिला हात पाण्यात कालवायच्या, घट्ट धरणाऱ्या पावडरीचा हवा. बादलीतलं कंपाउंड पाणी उडून वाळतं, तेवढं आकसतं, आणि त्या पावडरीइतकं कडक होत नाही. कागद मात्र ताणला जात नाही, त्यामुळं त्याच्याखाली दोन्ही चालतात. तुमच्याकडच्या पावसात बादलीतल्या मालाचा एकेक हात वाळायला दिवसाहून जास्त घेईल, तेव्हा घाई असेल तर पावडरच बरी. साधी पांढरी लांबी, म्हणजे भिंतीची सिमेंटवाली पुट्टी, कुणी सांध्यात भरत असेल तर थांबवा. ती ठिसूळ असते.

कागदी टेपला हात बसावा लागतो, हे खरं. आधी ३ मिलिमीटरपेक्षा मोठ्या फटी भरून वाळू द्या. मग सांध्यावर कंपाउंडचा सलग थर, त्यात टेप, टेपच्या मधल्या घडीची उंच बाजू बोर्डाकडं, आणि पुट्टीच्या पत्र्यानं मधून बाहेर दाबत जास्तीचा माल काढायचा. खाली माल कमी पडला की तिथं फुगा येतो. बोट फिरवलं की पोकळ आवाज येतो, कळतं लगेच. तेवढा तुकडा कापून पुन्हा लावा; वरून थापून फुगा जात नाही. दुसरा हात सहा इंच रुंद, तिसरा दहा-बारा इंच. बोर्डाच्या लांब कडा उतरत्या असतात, तिथं टेप खड्ड्यात बसते. आखूड बाजूच्या सपाट कडा जोडल्या असतील, तर तिथं जास्त रुंद पसरा, नाहीतर संध्याकाळच्या तिरक्या उजेडात उंचवटा दिसतो.

आतले कोपरे कागदानंच करा. मधोमध घडी असते, काटकोनात बरोबर बसते. बाहेरच्या कोपऱ्यांना धातूची कड हवी, तिथं कुठलीच टेप पुरत नाही. जाळी मी आता ठेवतो ती भोकं बुजवायला, जुना स्विच बोर्ड काढल्यावर वगैरे.

आणि एक विचारतो, छत कौलांखाली लाकडी वाशांना टांगताय काय? पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. ती हालचाल कुठल्याच टेपला आवरत नाही. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, सांगाडा करून घ्या. आणि बोर्ड जिथं विटांच्या भिंतीला टेकतो तिथं टेप मारून एकजीव करू नका. बारीक फट ठेवून रंगवता येणारं सीलंट भरा.

सांगाडा कशाचा आहे ते कळवा, मग स्क्रूच्या अंतराचं बोलू.