वेन्ट हे मुळात गो चं रूपच नाही

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतल्या गो चा भूतकाळ वेन्ट कसा काय होतो, ना ग ना ओ, आणि हे निव्वळ घोकायचंच का. घोकायचं तर आहेच, पण कारण कळलं की ते लक्षात राहतं.

वेन्ट हे वेन्ड या वेगळ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्ट, स्पेन्ड-स्पेन्ट म्हणून बघा, त्याच ओळीत वेन्ड-वेन्ट बसतं, म्हणजे ते आपल्या घरी अगदी नियमातच होतं. जुन्या इंग्रजीत वेन्डचा अर्थ वळणं, वळवणं. वळण्यावरून जाणं हा अर्थ कसा आला हे मराठी माणसाला समजावायला नको, 'तो घराकडे वळला' म्हणजे घरी निघाला हे आपण रोज बोलतो.

आता यातली खरी मजा अशी की गो ला त्याच्याआधीही स्वतःचा भूतकाळ नव्हता. जुन्या इंग्रजीत तिथे एओदे असं तिसऱ्याच धातूचं रूप वापरायचे, ते झिजत झिजत मागे पडलं आणि साधारण १५व्या शतकापर्यंत दक्षिण इंग्लंडच्या बोलीत त्याची जागा वेन्टने घेतली. उत्तरेकडे मात्र लोकांनी सरळ गो लाच प्रत्यय लावला, स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत गेड आहे, म्हणजे तुम्हाला हवं होतं तसलं रूप अस्तित्वात आहे बरं का! आणि वेन्ट हातचं गेल्यावर वेन्डने स्वतःसाठी वेन्डेड असं नवं रूप करून घेतलं.

एकाच क्रियापदाची रूपं अशी वेगवेगळ्या धातूंतून येण्याला सप्लीशन म्हणतात आणि हे फक्त इंग्रजीचं खूळ नाही. आपलं जातो-गेला घ्या. जातो आलं संस्कृत याति वरून (य चा ज, जसं यात्रा-जत्रा) आणि गेला आलं गत वरून, म्हणजे गम् धातू. दोन धातू, एक क्रियापद, आणि आपल्याला ते कधी खटकतही नाही, कारण इतक्या वापरातली रूपं लहानपणीच तोंडात बसतात. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हा गम् गो चा नाही तर कम चा भाऊबंद आहे! मूळच्या ग चा इंग्रजीच्या कुळातल्या भाषांत क झाला, गौ-काउ तसंच गम्-कम. आपला 'गेला' नात्याने त्यांच्या 'आला' च्या घरातला.

अर्थांचं म्हणाल तर गो बॅड, गो मॅड, गो ब्लाइंड, बिघडण्याकडे बहुतेक गो, आणि स्वप्न खरं होतं तेव्हा कम ट्रू. आपल्याकडेही वाया जातं, नासून जातं, पण रंगात येतं, फळाला येतं. गोइंग टू मात्र तसं जुळत नाही, तिथे जाण्याचा अर्थ पुसला जाऊन नुसता भविष्यकाळ उरलाय, 'इट इज गोइंग टू रेन' मध्ये कोणी कुठे जात नाहीये.

राहिलं हॅज गॉन आणि हॅज बीन. हॅज गॉन म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. हॅज बीन म्हणजे जाऊन आलाय. हे बीन सुद्धा बी (असणं) या क्रियापदाकडून आणलेलं, आणि बी म्हणजे आपल्या भू धातूच्या नात्यातला.